अर्ध्या मिलिमीटरची कातडी

देवबागला कर्ली खाडीच्या काठावर मामाची होडी माडाच्या ओंडक्यांवर चढवून ठेवली होती. मे महिना, सकाळचे नऊ, आणि वाळू एवढ्यातच पायाला चटके देऊ लागलेली. होडीच्या बाजूवरून मी सहज हात फिरवला तर तळवा पांढरा झाला, फळा भरून लिहिणाऱ्या मास्तरांचा होतो तसा. मी म्हटलं, मीठ बसलं असेल. मामा म्हणाला, धूळ. सोबत आलेले मेस्त्री काही बोलले नाहीत. त्यांनी ओलं फडकं घेऊन हातभर जागा स्वच्छ पुसली, ती सुकू दिली आणि माझंच बोट धरून पुन्हा त्या जागेवरून फिरवलं. बोट पुन्हा पांढरं.

"ही धूळ न्हय," ते म्हणाले. "ही होडीच."

मामाने ही वीस फुटी होडी घेतली त्याला सोळा वर्षं झाली. त्याआधी त्याची लाकडाची होती. पर्यटकांना संगमावर आणि त्सुनामी बेटावर न्यायला ती जड पडायची, दर वर्षी तिच्यावर खर्च व्हायचा, म्हणून विकली. फायबरची नवी होडी दारात आली तेव्हा तिच्या अंगात तोंड दिसत होतं. मामीने हळदकुंकू लावलं, नारळ फोडला, आणि जमलेल्या सगळ्यांनी एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हटलं: "फायबराक काय करूचा लागणा नाय." विकणारा म्हणाला, शेजारचा नाखवा म्हणाला, पुढे मामाही इतरांना तेच सांगू लागला. रत्नागिरीपासून काणकोणपर्यंत कुठल्याही बंदरावर उभे राहा, हे वाक्य कानावर येतंच. हा लेख त्या वाक्याशी भांडण्यासाठी लिहिला आहे.

भांडायचं तर आधी होडी कशी जन्मते हे पाहायला हवं, म्हणून मेस्त्रींबरोबर त्यांच्या शेडवर गेलो. गोव्याच्या हद्दीत, खाडीला लागून पत्र्याची शेड. आत शिरल्याबरोबर स्टायरीनचा गोडसर, डोक्यात जाणारा वास. मधोमध साचा होता: होडीची पोकळ आकृती, आतून आरशासारखी घोटलेली. लाकडाच्या होडीला रंग शेवटी लागतो. फायबरची होडी मात्र बाहेरून आत बांधत नेतात. जे जगाला दिसणार ते सगळ्यात आधी. साच्याला मेण लावायचं, ते सुकवून पुसून चमकवायचं, पुन्हा लावायचं. नवा साचा असेल तर असे कितीतरी हात. त्यावर पाण्यात विरघळणाऱ्या पीव्हीएचा पातळ पापुद्रा. आणि मग जेलकोट.

जेलकोट म्हणजे रंगद्रव्य घातलेलं दाट पॉलिएस्टर रेझिन. पांढऱ्या होडीत ते रंगद्रव्य टायटॅनियम डायऑक्साइडचं असतं. रेझिनमध्ये आधीच कोबाल्ट असतो, जांभळट द्रवाच्या रूपात घातलेला. फवारायच्या क्षणी त्यात शेकडा एक ते दोन भाग हार्डनर पडतो, आणि रेझिन घट्ट होऊ लागतं. कोबाल्ट आणि हार्डनर हे दोघं एकमेकांत थेट मिसळले तर स्फोट होतो, म्हणून मेस्त्री त्यांच्या बाटल्या शेडच्या दोन टोकांना ठेवतात आणि नव्या पोराला पहिल्या दिवशी पहिली गोष्ट हीच शिकवतात. दुसरी गोष्ट डोळ्यांची: हार्डनरचा एक थेंब डोळ्यात गेला तर दृष्टी जाऊ शकते.

फवारलेला थर साधारण अर्धा मिलिमीटर जाड असतो. वहीची पाच पानं एकावर एक ठेवा, तेवढाच. तो बोटाला चिकटतो पण बोटावर उतरत नाही अशा अवस्थेला आला, की काचेच्या तंतूंची मॅट त्यावर अंथरतात, ब्रशने रेझिन पाजतात, खाचांच्या रोलरने आतली हवा काढतात. मग विणलेलं जाड कापड, पुन्हा मॅट. होडीचा सगळा जोर या काचेत आणि रेझिनमध्ये आहे. तिचं रूप आणि पाण्याला केलेला मज्जाव मात्र त्या पहिल्या अर्ध्या मिलिमीटरमध्ये आहे.

या पहिल्या थराची एक गंमत मेस्त्रींनी सांगितली, ती पुढे मला फार उपयोगी पडली. पॉलिएस्टरला हवा लागली की त्याचा वरचा पृष्ठभाग नीट कडक होत नाही, चिकट राहतो. साच्याला टेकलेली बाजू हवेपासून झाकलेली असते, म्हणून ती काचेसारखी कडक होते; उघडी बाजू चिकट राहते, म्हणून पुढचा थर तिला धरून बसतो. एकाच थराच्या दोन बाजूंचे दोन स्वभाव, आणि दोन्ही कामाचे.

दोन-तीन दिवसांनी पाचरी ठोकून होडी साच्यातून सोडवली. सुटताना तिने घंटेसारखा आवाज केला. बाहेर आली ती चमकतच. ती चमक कुणी घासून काढलेली नव्हती; साच्याची चमक तिने उचलली होती. आणि ती एकदाच मिळते. नंतर माणूस जे काही घासतो ते त्या अर्ध्या मिलिमीटरमधून खर्च करत असतो. मला या सगळ्या विषयात सांगण्यासारखी एक गोष्ट कुठली वाटत असेल तर ती ही.

मामाच्या होडीची पावडर का सुटली, याचं उत्तर आकाशात आहे. मालवण साधारण सोळा अंश उत्तरेला. मेच्या पहिल्या आठवड्यात एका दिवशी दुपारी सूर्य बरोब्बर डोक्यावर येतो आणि उभ्या काठीची सावली नाहीशी होते. ऑगस्टमध्ये तो पुन्हा तसा येतो, पण तेव्हा वर ढगांचं छत असतं. मेमध्ये छत नसतं. जेलकोटमधल्या रेझिनच्या लांब साखळ्या अतिनील किरणांनी तुटतात, वरचा अगदी पातळ भाग ठिसूळ होतो आणि त्यात बांधून ठेवलेले रंगद्रव्याचे कण मोकळे होतात. तेच हाताला लागतात. पृष्ठभाग खरखरीत झाला की त्यात मीठ बसतं, शेवाळं बसतं, डिझेलचा धूर आणि माशाचं रक्त मुरतं, आणि होडी पिवळट-करडी दिसू लागते. बाजूंपेक्षा डेक आधी जातो, कारण तो दिवसभर सूर्याकडे तोंड करून असतो. पांढरी होडी पावडर सोडते. निळी-लाल होडी पावडर तर सोडतेच, शिवाय फिक्या धुरकट रंगाची होते आणि तापतेही जास्त. किनाऱ्यावर गडद रंग देखणा दिसतो, पण त्याची किंमत सूर्य वसूल करतो.

मी उत्साहात मामाला म्हटलं, मी करतो पॉलिश. मालवणच्या दुकानातून बफिंग मशीन भाड्याने आणलं, लोकरीचा पॅड आणला, गाड्यांना लावतात ते जाड रबिंग कंपाऊंड आणलं. मेस्त्री दोन दिवसांनी येणार होते. मी थांबलो नाही. पहिला तास फार सुंदर गेला. करड्या अंगातून पांढराशुभ्र पट्टा वर येत होता, माडांची सावली त्यात हलताना दिसत होती, येणारे-जाणारे थांबून बघत होते. मग मी नाळेजवळच्या कडेवर आलो. सपाट जागेवर मशीनचा दाब पसरतो. कडेवर तो सगळा एका रेषेवर येतो. तीन-चार सेकंद, त्याहून जास्त नाही. पांढऱ्यातून हिरवट-करडा डाग डोकावला, आणि त्यात काचेचे तंतू दिसू लागले. मशीन बंद केलं तेव्हा तळहाताएवढी जागा उघडी पडली होती. सोळा वर्षांच्या उन्हाने जे केलं नव्हतं ते मी दहा वाजायच्या आत केलं होतं.

मामा काही बोलला नाही. त्याने घरातून जुना टॉवेल आणून त्या जागेवर टाकला, ऊन लागू नये म्हणून. तो टॉवेल मला अजून आठवतो.

मेस्त्री आले आणि कामाला पहिल्यापासून सुरुवात झाली. त्यांचा सगळा धडा एका नियमावर उभा आहे: ज्याने काम भागेल त्यातलं सगळ्यात सौम्य आधी वापरून बघायचं. पहिला दिवस केवळ पाण्याचा. वाळलेलं मीठ म्हणजे बारीक काचच. त्यावरून कोरडं फडकं फिरवलं तरी ओरखडे उठतात. म्हणून भरपूर गोडं पाणी, मग सौम्य साबण, पुन्हा पाणी. मेमध्ये कोकणात गोडं पाणी होडीवर ओतायला जीव धजत नाही, हे मला कळतं. मामीने कपडे धुतलेलं शेवटचं निवळ पाणी बादल्यांत साठवून दिलं, त्यावर भागवलं. भांड्याचं कडक लिक्विड रोज वापरू नये, मेणाचा थर असेल तर ते तोच धुऊन नेतं. पण पॉलिश करण्याआधी जुनं मेण काढायचंच असतं तेव्हा एकदा चालतं.

मग डाग. नांगराच्या साखळीने नाळेवर गंजाचे ओघळ काढले होते आणि पाणरेषेला खाडीच्या पाण्याने पिवळी-तपकिरी मिशी आली होती. हे घासून जात नाहीत, आणि घासूही नयेत. त्यावर ऑक्झॅलिक ॲसिडचं पातळ पाणी लावलं, दहा-पंधरा मिनिटं ठेवलं, आणि गंज अक्षरशः विरघळून गेला. काळा पडलेला तांब्याचा हंडा चिंचेने उजळतो, तशातलाच हा प्रकार. लोखंडाला हे आम्ल धरून ठेवतं आणि पाण्याबरोबर घेऊन जातं. पण चिंच पोटात जाते, हे विष आहे. हातमोजे, चष्मा, आणि नंतर भरपूर पाणी. धक्क्यावर लावलेल्या जुन्या टायरांचे काळे पट्टे सॉल्व्हंटच्या फडक्याने निघाले. एवढ्यानेच होडी निम्मी उजळली, आणि जेलकोटचा एक कणही गेला नव्हता.

तिसऱ्या दिवशी मेस्त्रींनी होडीच्या चार ठिकाणी हातभर चौकोन आखले. एकावर नुसतं बारीक पॉलिश, दुसऱ्यावर मध्यम कंपाऊंड, तिसऱ्यावर जाड, चौथ्यावर पाणी घालून वॉटर पेपर आणि मग कंपाऊंड. बाजूंना दुसरा चौकोन पुरला. डेकला तिसरा लागला. वॉटर पेपर फक्त मागच्या एका पट्ट्यावर, जिथे इंजिनाचा धूर आणि ऊन दोन्हींनी मिळून खोल खाल्लं होतं: आठशेचा, मग हजारचा, मग पंधराशेचा, दर वेळी आधीच्या कागदाचे ओरखडे पुरते जाईपर्यंत, आणि दर वेळी आडव्यानंतर उभा हात, म्हणजे राहिलेले ओरखडे लपत नाहीत. बरेच लोक इथून सुरुवात करतात. मेस्त्री इथे नाइलाजाने येतात.

मशीन हळू फिरवायचं, हजार ते दीड हजार फेऱ्यांवर. दोन फूट लांब-रुंद जागा एका वेळी, पॅड सपाट, सतत हलता. कंपाऊंड सुकू द्यायचं नाही, म्हणून उन्हात काम करायचंच नाही. आम्ही सकाळी साडेसहाला सुरू करून नऊला थांबायचो आणि पुन्हा साडेचारला. कडा, कोपरे, नाळ, कडीभोवतीची जागा यांना मशीन लावायचं नाही, आधी त्यावर कागदी टेप चिकटवून ठेवायची आणि शेवटी हाताने घासायच्या. हे वाक्य मेस्त्रींनी माझ्याकडे न बघता सांगितलं. ती त्यांची माया होती.

संध्याकाळी काम थांबलं की काठावर बसणारी म्हातारी मंडळी जवळ येत. त्यांच्यातल्या एकाने, रापणीवर आयुष्य गेलेल्या, होडीच्या बाजूवर नख वाजवून बघितलं आणि लाकडाच्या होडीची आठवण काढली. काथ्याने शिवलेल्या फळ्या, पांगाऱ्याची उलांडी. पाऊस यायच्या आधी होडी ओढून वर घ्यायची, माडाच्या झापांनी शाकारायची. काजूच्या टरफलाचं तेल, माशाचं तेल लाकडाला पाजायचं. ते काम घरातली पोरंसोरंही करायची आणि तो वास आंघोळीनेही जायचा नाही. सांधे तपासायचे, कुजकं बदलायचं. नारळी पौर्णिमेला ती पाण्यात जाई तेव्हा तिच्या अंगावरची प्रत्येक जागा कुणा ना कुणाचा हात लागून गेलेली असे.

मला वाटतं, आपण इथे काहीतरी मोठं हरवलं आहे. लाकडाची होडी दुर्लक्ष खपवून घेत नसे. एक वर्ष तेल चुकलं की ती गळायची, आणि गळकी होडी घेऊन कोण जाणार? तिच्या मागणीमुळे वर्षाला एक लय होती. शासनाची मासेमारी बंदी आजही १ जून ते ३१ जुलै असते. दोन महिने होड्या वर असतात, माणसं मोकळी असतात. पूर्वी त्या मोकळ्या दिवसांत होडीची सेवा होई. फायबरची होडी मागत नाही. ती गळत नाही, कुजत नाही, नुसती हळूहळू पावडर होत राहते. वरून निळी ताडपत्री टाकली की काम झालं असं वाटतं. त्या ताडपत्रीखाली कोंडलेल्या दमटपणात शेवाळं माजतं आणि सुटलेली दोरी वाऱ्याने दोन महिने एकाच जागी घासत राहते. झापांच्या छपराखाली वारा खेळायचा. ताडपत्री टाकायचीच तर बांबूचा सांगाडा करून, दोन्ही टोकं उघडी ठेवून टाकावी.

मामाचा विचार होता की एवढं करण्यापेक्षा ऑइल पेंट मारून मोकळं व्हावं. बरेच जण तसं करतात. पावडर सुटलेल्या अंगावर रंग बसतच नाही. तो पावडरला चिकटतो, होडीला नाही, आणि पुढच्या दिवाळीपर्यंत पापुद्रे सुटतात. रंग द्यायचाच झाला तर आधी घासून पक्का पृष्ठभाग काढायचा, एपॉक्सी प्रायमर द्यायचा आणि वर दोन घटकांचा पॉलियुरेथेन रंग. असा रंग उत्तम टिकतो. जेलकोट पुरता संपला की तोच मार्ग उरतो. लाकडाच्या गाभ्यावर काच आणि एपॉक्सी चढवून एकेकटी बांधली जाणारी होडी तर साच्यातून निघतच नाही, तिला पहिल्यापासून रंगच लागतो. मांडवीतल्या दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकरांच्या कारखान्यात बांधलेली नौदलाची ५६ फुटी 'म्हादेई' अशीच, रेड सीडरच्या गाभ्याची. तिच्यातून दिलीप दोंदे १९ ऑगस्ट २००९ रोजी मुंबईहून एकटे निघाले आणि चार थांबे घेत १९ मे २०१० रोजी परत आले. पृथ्वीप्रदक्षिणा एकट्याने करणारे ते पहिले भारतीय. त्याच होडीतून अभिलाष टॉमी यांनी २०१२-१३ मध्ये कुठेही न थांबता फेरी पुरी केली. मांडवीच्या काठी हाताने बांधलेली, हाताने घोटलेली होडी दोनदा दक्षिण महासागर झेलून आली, याचा मला या प्रदेशाचा माणूस म्हणून अभिमान आहे, आणि मेस्त्रींसारख्या माणसांच्या हातांकडे बघताना तो वाढतो.

घासून झालं की राखण सुरू होते. पॉलिश केलेला पृष्ठभाग उघडा ठेवला तर एका हंगामात पुन्हा पावडर सुटते. त्यावर ऊन आणि मीठ आधी झेलणारं काहीतरी हवं, आणि ते झिजून गेलं तरी होडीचं काही जायला नको. म्हणून मेण. चांगल्या मेणात कार्नौबा असतं. ब्राझीलच्या ईशान्येला, सिआरा आणि पियाउई या कोरड्या प्रांतांत एक ताड वाढतो; उन्हाळ्यात पानातलं पाणी उडू नये म्हणून तो पानांवर मेणाचा थर धरतो. पानं कापून वाळवतात, झोडपून त्याची भुकटी काढतात, वितळवतात. ८० अंशांच्या वर तापवल्याशिवाय ते पातळ होत नाही, इतकं ते कठीण. उन्हापासून स्वतःला वाचवण्यासाठी एका झाडाने केलेली सोय आपण होडीच्या अंगाला लावतो, हे मला फार सुंदर वाटतं. हल्ली पॉलिमरचे सीलंटही मिळतात आणि ते जास्त टिकतात. सिलिकॉन असलेलं चकचकीत काही मात्र मेस्त्री जवळ येऊ देत नाहीत: पुढे कधी दुरुस्ती करायची झाली तर त्या जागेवर नवा थर धरत नाही, डोळे पाडून फाकतो.

मेणाचा थर पातळ हवा. जाड थर जास्त राखत नाही, फक्त पुसायला त्रास देतो. एक हात, सुकला की मऊ फडक्याने पुसायचा, दुसऱ्या दिवशी दुसरा. आपल्या उन्हात तो काही महिनेच चालतो. म्हणजे बंदीच्या काळात एकदा आणि ऐन हंगामात नाताळच्या सुमारास एकदा, एवढी दोन कामं केली आणि रोज संध्याकाळी गोड्या पाण्याच्या दोन बादल्या मारल्या, तर कंपाऊंडची पाळी वर्षानुवर्षं येत नाही.

डेकवर मात्र थांबा. मामाच्या होडीत लहान मुलं चढतात, साडी नेसलेल्या आज्या चढतात. पाय ठेवायच्या जागी डेकला साच्यातच खडबडीत नक्षी दिलेली असते, घसरू नये म्हणून. तिथे मेण लावणं म्हणजे माणूस पाडणं. त्या नक्षीला मशीनही लावायचं नाही, तिची टोकं झिजली की ती कायमची गेली. मऊ ब्रश आणि साबण, आणि लावायचंच तर घसरण न करणारं खास सीलंट. डेकवर आणखी एक दिसलं: कठड्याच्या खांबांच्या बुडाशी कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक भेगा. चकाकी आणून त्या लपतात, भरत नाहीत. दर वेळी कुणी खांबाला धरून आत उडी मारली की खालचा थर लवतो आणि वरचा कडक जेलकोट तडकतो. मेस्त्रींनी आधी डेकखाली लाकडाचा तुकडा आणि मॅट घालून ती जागा बळकट केली, मग भेग व्हीच्या आकारात उघडून भरली. आजार खाली होता, पुरळ वर उठलं होतं.

पाण्याखालच्या भागाला मेण नसतं. जी होडी पाण्यातच राहते तिला तिथे कवचाचे जीव आणि शेवाळं धरतं, म्हणून तांब्याच्या ऑक्साइडचा विषारी रंग लावतात. याहून जालीम असा कथिलाचा टीबीटी रंग पूर्वी वापरत. त्याने शिंपल्या-गोगलगाईंची प्रजाच बिघडू लागली, आणि २००८ पासून आंतरराष्ट्रीय कराराने तो बंद झाला. मामाची होडी रोज वाळूवर ओढली जाते, तिची व्यथा निराळी. कण्याखालचा जेलकोट वाळूने कधीच खाल्ला होता, काच उघडी होती. काचेचा उघडा तंतू दिव्याच्या वातीसारखं पाणी आत ओढतो. पाणी आत मुरलं की रेझिनमधली विरघळणारी द्रव्यं त्यात उतरतात, तो आंबट द्राव आणखी पाणी खेचतो, आणि जेलकोटखाली फोड येतात. फोडलं तर व्हिनेगरसारखा वास. कोमट पाण्यात हे लवकर होतं. गोड्या पाण्यात तर समुद्रापेक्षाही लवकर, कारण द्रावातला फरक तिथे जास्त. स्वस्तातल्या जीपी रेझिनने बांधलेली होडी यात आधी सापडते, आयसो रेझिनची उशिरा. विकत घेताना नाखवे इंजिनाबद्दल तासभर विचारतात. रेझिन कुठलं, हाही एक प्रश्न विचारायला हवा. मामाच्या होडीच्या कण्यावर आम्ही सुकवून, घासून, मॅटचे तीन थर जादा चढवले. ते वाळूने खायचे आहेत, म्हणूनच दिले आहेत.

आणि ज्यांचे हात यात आहेत, त्यांच्याबद्दल. शेडमधली पोरं तोंडाला रुमाल बांधून घासत होती. काचेची आणि जेलकोटची धूळ रुमालातून सहज आत जाते. रेझिनमधल्या स्टायरीनला जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१८ साली माणसाला बहुधा कर्करोगकारक अशा गटात घातलं आहे. रेझिनसाठी वाफ गाळणारा मुखवटा आणि धुळीसाठी धुळीचा, याचा खर्च होडीच्या किमतीत कुठेच जाणवणार नाही. मेस्त्रींचं खोकणं मी अडीच महिने ऐकलं. होडीच्या अंगाची एवढी काळजी लिहिताना ते न लिहिणं मला जमणार नाही.

फायबरच्या होडीला मरण नीट येत नाही, हेही त्या शेडमागे दिसलं. १९४२ साली अमेरिकेत ओहायोमध्ये रे ग्रीनने काचेच्या तंतूंची पहिलीवहिली छोटी शिडाची होडी बनवली. १९५९ च्या न्यूयॉर्क बोट शोमध्ये दाखवलेल्या पियर्सन ट्रायटन जातीच्या होड्यांतल्या कितीतरी अजून पाण्यात आहेत. नीट राखली तर ती माणसाच्या आयुष्याएवढी जगते. नाही राखली तर मरते, पण जात नाही. घट्ट झालेलं पॉलिएस्टर पुन्हा वितळत नाही. शेडमागे खारफुटीच्या कडेला चार जुन्या होड्या पडून होत्या, तंतू उघडे, अंगावर शेवाळं. लाकडाची असती तर चुलीत गेली असती, मातीत गेली असती. या तिथेच राहणार.

जुलैच्या शेवटी मी पुन्हा देवबागला गेलो. राहिलं होतं ते माझं काम, तो तळहाताएवढा डाग. पाऊस उघडलेला दिवस बघून मेस्त्रींनी जागा सुकवली, कडा उतरत्या घासून घेतल्या, जेलकोटची दाट पेस्ट कालवली. पांढऱ्यात पिवळ्याचा एक थेंब, मग तपकिरीची सुईच्या टोकाएवढी चिमूट. सोळा वर्षांचा पांढरा दुकानात मिळत नाही. पेस्ट भरून त्यावर प्लॅस्टिकचा कागद दाबून बसवला, हवा लागू नये म्हणून. दुसऱ्या दिवशी कागद काढला, घासलं, पॉलिश केलं. या वेळी सगळं हाताने, आणि सगळं मला करायला लावलं.

नारळी पौर्णिमेच्या सकाळी शेवटचा मेणाचा हात पुसून झाला. मामाने तांब्याभर पाणी बाजूवर ओतलं. पाणी पसरलं नाही. गोल थेंब होऊन घरंगळत खाली गेलं, अळवाच्या पानावरून जातं तसं. मेस्त्री वाकून नाळेजवळची ती जागा बघत होते. उजेड आडवा पडला की अजून दिसते, बाकीच्या अंगापेक्षा किंचित पांढरी.

"दिसता," मी म्हटलं.

"दिसाक व्हयी," मेस्त्री म्हणाले, आणि होडी ढकलायला खांदा लावला.